ट्राउट ड्राय फ्लायपाशी येतो आणि तोंड फिरवतो: दोष शोधायचा कुठे?

समोर मासे उठताहेत, पाण्यावर वलयं उमटताहेत. तुमची ड्राय फ्लाय, म्हणजे हुकावर पिसं बांधून केलेली, पाण्यावर तरंगणारी कीटकाची नक्कल, हवी तिथे पडते आणि वाहत खाली येते. ट्राउट तळाजवळून वर चढतो, फ्लायच्या खाली नाक आणतो, बोटभर अंतर राखून तिच्यासोबत थोडा मागे वाहतो आणि मग शेपटीचा फटका मारून खाली निघून जातो. फ्लाय तिथेच गिरक्या घेत राहते. पुढच्या खेपेला तोच मासा अर्ध्यावरून परत फिरतो आणि त्यानंतर हलतही नाही. शेजारून वाहणारे खरे कीटक मात्र तो एकामागून एक टिपत असतो.

ड्राय फ्लायने मासेमारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे पुन्हा पुन्हा येतं, आणि अशा वेळी हात सगळ्यात आधी जातो तो फ्लायच्या पेटीकडे. एक फ्लाय काढली, दुसरी बांधली, मग तिसरी. गाठी मारण्यात तास जातो आणि मासे आपले खातच असतात. माझं सांगणं आहे की पेटी शेवटी उघडा. आधी फ्लाय वाहते कशी ते बघा, मग ती पाण्यावर बसते कशी ते बघा, मग तिचा आकार. रंगाचा नंबर सर्वांत शेवटी. या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा पहिल्या दोन पायऱ्यांतच दोष सापडतो.

त्याआधी तक्रार नेमकी कोणती आहे ते ठरवून घ्या. मासा वर येतच नसेल, तर एक तर तो तुम्हाला पाहून बिचकला आहे किंवा फ्लाय त्याच्या रांगेतून जातच नाही. खाणारा ट्राउट एका जागी उभा राहून ठरावीक पट्ट्यातून आलेलंच उचलतो; वीतभर बाजूने गेलेल्या घासासाठी तो सहसा हलत नाही. मासा फ्लाय तोंडात घेतो पण गळाला लागत नाही, ही तक्रार वेगळी आहे आणि तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे. इथे मुख्य प्रश्न आहे तो येऊन, बघून परत जाणाऱ्या माशाचा.

न दिसणारा ड्रॅग

फ्लाय पाण्याच्या वेगाने न वाहता दोरीच्या ओढीने वाहू लागली की तो ड्रॅग. मोठा ड्रॅग कुणालाही दिसतो, कारण फ्लायच्या मागे पाण्यावर रेघ उमटते. घात करतो तो बारीक ड्रॅग. दहा-बारा मीटरवरून बघताना फ्लाय अगदी मोकळी वाहतेय असं वाटतं. पण टिपेट, म्हणजे दोरीच्या टोकाचा फ्लायला बांधलेला बारीक धागा, एका धारेत आणि फ्लाय शेजारच्या धारेत असते, आणि त्या ओढीने ती सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर आडवी सरकते. पंख वाळायची वाट बघत बसलेली खरी मेफ्लाय (पाण्यातून निघणारा नाजूक पंखांचा कीटक) अशी आडवी सरकत नाही. नाक लावून बघणाऱ्या माशाला एवढा फरक पुरतो.

हे तपासायला एक सोपा उपाय आहे. फ्लाय पडली की तिच्या अगदी शेजारचा फेसाचा एक बुडबुडा हेरा आणि नजर फ्लायवर न ठेवता दोघांमधल्या अंतरावर ठेवा. मासा जिथे उठतो तिथपर्यंत ते अंतर तसंच राहिलं तर वाहणं ठीक आहे. बुडबुडा पुढे गेला, मागे पडला किंवा फ्लाय त्याच्यापासून दूर सरकली, तर ड्रॅग आहे, मग ती रेघ दिसो वा न दिसो. बुडबुडा नसेल तर वाळकं पान, परागकण, काहीही चालेल. मासा नेमका कुठे माघारी फिरला तेही लक्षात ठेवा. फ्लायसोबत लांबवर मागे वाहून मग फिरत असेल, तर बहुधा शेवटच्या टप्प्यात ओढ बसते आहे.

ड्रॅग सापडला की पहिला उपाय पायांचा: जागा बदला. तुमच्या आणि माशाच्या मध्ये वेगवान धार असेल तर मधली दोरी खाली पोट काढते आणि फ्लायला ओढून नेते. तिथे उभं राहून कितीही कौशल्य लावलं तरी वाहणं फार तर हातभर सुधारतं. ती धार ओलांडून किंवा दोन पावलं वर-खाली सरकून दोरी एकाच वेगाच्या पाण्यावर पडेल असं बघा. जवळ जाता आलं तर आणखी चांगलं. पाण्यावर जितकी कमी दोरी तितका कमी ड्रॅग. सावकाश आणि वाकून गेलात तर खळखळत्या पाण्यात ट्राउटच्या बरंच जवळ जाता येतं.

दुसरा उपाय टिपेटचा. इथे लोक लगेच बारीक टिपेट बांधतात. माझा सल्ला: आधी लांब करा, मग बारीक. साठ सेंटीमीटरचं टिपेट एक मीटर किंवा थोडं जास्त केलंत, तर ते सरळ ताणून न पडता सैल नागमोडी पडतं, आणि ते नागमोडी वळण सरळ होईपर्यंत फ्लाय मोकळी वाहते. जाडीसाठी एक जुना हिशेब आहे: हुकाच्या नंबराला (नंबर जितका मोठा तितका हूक लहान) तीनने भागा, की टिपेटच्या जाडीचा एक्स नंबर मिळतो; तोही जितका मोठा तितकं टिपेट बारीक. १६ नंबरच्या हुकाला ५एक्स, १२ ला ४एक्स, १८ ला ६एक्स. ५एक्स म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर आणि ६एक्स म्हणजे ०.१३. फरक केसाएवढा, पण जाड टिपेट ताठ असतं आणि लहान फ्लायला हवं तिथे वळवतं. १८ नंबरची फ्लाय ४एक्सवर बांधली तर मासा टिपेट बघून नव्हे, फ्लायचं वागणं बघून पळतो. ड्राय फ्लायसाठी मी नायलॉनच वापरा म्हणेन. फ्लुओरोकार्बन जास्त ताठ आणि पाण्यापेक्षा बरंच जड असतं.

शांत डोहात मात्र टिपेट दिसणं हाही दोष असू शकतो. पाण्यावर तरंगणारं टिपेट पृष्ठभागावर एक चर पाडतं, आणि उन्हात त्या चराची सावली तळावर दोरखंडाएवढी जाड दिसते. फ्लायजवळचं वीतभर टिपेट पाण्याखाली गेलं पाहिजे. मुलतानी माती आणि भांडी धुण्याचं लिक्विड एकत्र मळून त्याचा छोटा गोळा डबीत ठेवा आणि टिपेट त्यातून ओढून घ्या. तेलकटपणा निघाला की ते आपोआप बुडतं. फ्लायला लावलेलं फ्लोटंट (तिला तरंगत ठेवणारं जेल) बोटांवरून टिपेटला लागतं, म्हणून हा उपाय फ्लाय बांधल्यानंतर करायचा.

तिसरा उपाय फेकीचा. आडव्या पाण्यात रीच कास्ट शिकून घ्या: दोरी हवेत सुटत असतानाच रॉड प्रवाहाच्या वरच्या बाजूला झुकवायचा, म्हणजे दोरी त्या बाजूला पडते आणि फ्लाय तिच्या आधी खाली पोहोचते. अगदीच हट्टी माशासाठी त्याच्या वरच्या बाजूला, थोडं तिरकं उभं राहा, फ्लाय त्याच्या दीड-दोन मीटर वर टाका आणि रॉडचं टोक हलवत सैल दोरी सोडत राहा. अशा वेळी माशाला दोरी आणि लीडर (दोरी व टिपेट जोडणारा निमुळता धागा) यांच्या आधी फ्लाय दिसते. मासा तुमच्याकडे तोंड करून उभा असल्याने अंग आणखी खाली ठेवावं लागतं. मासा आला नाही तर फ्लाय त्याच्या डोक्यावरून हिसकावू नका. ती पूर्ण खाली जाऊ द्या, बाजूला येऊ द्या, मग उचला.

मासा वर बघतो तेव्हा काय बघतो

पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतूनच दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे वरचं सगळं आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत गोळा होतं. त्या शंकूबाहेरचा पृष्ठभाग माशाला आरशासारखा दिसतो आणि त्यात तळाचं प्रतिबिंब असतं. खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट. ३० सेंटीमीटर खाली असलेल्या माशाची खिडकी जेमतेम ६८ सेंटीमीटरची, तर एक मीटर खाली असलेल्याची सव्वादोन मीटरहून थोडी जास्त.

हा हिशेब कास्ट करताना फार उपयोगी पडतो. पृष्ठभागाच्या अगदी खाली उभ्या माशासाठी फेक काटेकोर हवी, कारण त्याची खिडकी छोटी असते. पण त्याला विचार करायलाही वेळ कमी मिळतो. खोलवरून चढणारा मासा फ्लाय बराच वेळ निरखतो. शिवाय माशाला फ्लाय एकदम पूर्ण दिसत नाही. आधी आरशात पायांनी आणि अंगाने पाडलेले खळगे दिसतात. फ्लाय खिडकीच्या कडेशी आली की पंखाचं टोक दिसतं, आणि खिडकीत शिरल्यावरच सबंध आकृती. म्हणजे वर चढायचं की नाही हे मासा बरेचदा खळगे आणि पंखाची उंची यांवरून ठरवतो. फ्लाय पाण्यावर बसते कशी, हे रंगापेक्षा महत्त्वाचं का ते इथे कळतं.

खाणं काय चाललंय?

ड्रॅग नाही, टिपेट ठीक आहे, तरी मासा नाक लावून फिरतोय. मग तो तुम्हाला दिसतंय त्याहून वेगळं काहीतरी खात असण्याची शक्यता मोठी.

मेफ्लायचं बघा. तिची निम्फ (पाण्यात वाढणारी, अजून पंख न फुटलेली अवस्था) तळावरून वर येते, पृष्ठभागाला खालून चिकटते, पाठीवरची कात फाटते आणि पंख बाहेर पडतात. तेवढा वेळ ती ना पोहू शकते ना उडू शकते. ट्राउटला यापेक्षा सोपा घास नाही. पंख उभे करून तरंगणारी डन आपल्याला लांबून दिसते, म्हणून आपण डनची नक्कल बांधतो. मासा मात्र कातीत अडकलेल्या, अर्ध्या बुडालेल्या इमर्जरवर ताव मारत असतो. डन उडून झाडीत जाते आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकते. उडायला लागल्यावर कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गट आहे. त्यानंतरची स्पिनर काचेसारख्या पंखांची असते. मीलन आणि अंडी घालणं उरकलं की ती पंख पसरून पाण्यावर सपाट पडते आणि काठावरून जवळजवळ दिसत नाही. संध्याकाळी हवेत काही नाही, पाण्यावर काही नाही, आणि मासे मात्र शांतपणे ओठ लावल्यासारखे उठताहेत, असं दिसलं की स्पिनर समजा.

उठण्याची पद्धत नीट बघा. वलयाच्या मध्ये बुडबुडा राहिला तर माशाने पृष्ठभागावरून घास घेताना हवाही घेतली. तो वरचं खातोय. पाणी नुसतं फुगलं किंवा पाठ आणि शेपूट दिसली, डोकं नाही आणि बुडबुडाही नाही, तर घास पृष्ठभागाच्या किंचित खाली आहे. जोरात शिंतोडे उडत असतील तर कॅडिस या दुसऱ्या पाणकीटकाचा संशय घ्या, कारण तिची कोषातली पिल्लं झपाट्याने वर येतात आणि मासा पाठलाग करून धरतो.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे एकाच वेळी दोन कीटक निघणं. मोठ्या पिवळट मेफ्लाय सगळीकडे दिसतात, पण मासे त्यांच्यामधून वाहणारी २० नंबरची बारीक राखी माशी खात असतात. याचं कारण सरळ आहे: बारीक माशी संख्येने जास्त असते आणि पटकन उडत नाही. एक मोठी मेफ्लाय डोळ्यांनी धरा आणि माशाच्या डोक्यावरून जाईपर्यंत सोडू नका. मासा तिला हात लावत नसेल तर तुमची मोठी फ्लायही तो घेणार नाही.

खात्रीचा मार्ग मात्र एकच: पाण्यातून एक कीटक हातात घ्या. हातजाळीवर बारीक जाळीचं कापड ताणा, मासा उठतो त्याच पट्ट्यात खाली काही मिनिटं धरा, आणि जे येईल ते तळहातावर उलटं करून बघा. मासा खालून बघतो, म्हणून पोटाचाच रंग आणि जाडी महत्त्वाची. पाठीवरून तपकिरी वाटणारी माशी पोटाकडून फिकट हिरवी निघते. काठच्या झुडपांतली कोळ्यांची जाळीही चाळून बघा. अलीकडे काय उडत होतं याची नोंद तिथे लटकलेली असते.

आता पेटी उघडा

पहिला बदल: तीच फ्लाय एका मापाने लहान. दोन फ्लाय हातात असतील आणि कोणती ते ठरत नसेल तर लहान बांधा. दूरवर तरंगणारा कीटक आपल्याला मोठा भासतो आणि बांधलेल्या फ्लायमध्ये हॅकलची, म्हणजे हुकाभोवती गुंडाळलेली, पिसं तिला आणखी फुगवतात.

दुसरा बदल बसण्याचा. भरगच्च हॅकलची पारंपरिक फ्लाय पिसांच्या टोकांवर उंच उभी राहते. खळखळत्या पाण्यात ते चांगलं, कारण ती बुडत नाही आणि तुम्हालाही दिसते. संथ डोहात मात्र तिचे खळगे चुकीचे पडतात. पेटीत दुसरं काही नसेल तर कात्रीने खालच्या बाजूची पिसं हुकाच्या टोकाच्या रेषेत सपाट कापा. फ्लाय लगेच खाली बसते आणि एवढ्याशा बदलाने नकार देणारे मासे घ्यायला लागतात. पॅराशूट पद्धतीत हॅकल आडवं गुंडाळलेलं असल्याने अंग थेट पाण्यावर टेकतं. इमर्जरवर मासे असतील तर क्लिंकहॅमर बांधा. डच मासेमार हान्स व्हान क्लिंकन यांची ही फ्लाय पृष्ठभागाला टांगलेली राहते: पंखाचा झुपका वर, वाकलेलं पोट पाण्यात. फ्लोटंट फक्त त्या झुपक्याला आणि हॅकलला लावा, पोटाला नाही. पोट तरंगलं तर फ्लायचा सगळा अर्थच गेला.

फ्लोटंटवरून आणखी एक सांगायला हवं. बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतालची पिसं, ज्यांना सीडीसी म्हणतात, ती मुळातच तरंगणारी असतात कारण त्यांच्या बारीक तंतूंमध्ये हवा अडकते. त्यांना जेल फ्लोटंट लावलं की तंतू चिकटतात आणि फ्लाय दगडासारखी जाते. सीडीसीला फक्त कोरडी पावडर. आणि मासा लागून गेलेली फ्लाय आधी स्वच्छ पाण्यात धुवा, कापडाने टिपा, मग पावडर. माशाचा चिकट थर तसाच राहिला तर कुठलंच फ्लोटंट काम करत नाही, फ्लाय तिरकी बसते, आणि पुढचा मासा ती नाकारतो. एका माशानंतर अचानक नकार सुरू झाले असतील तर हे कारण सगळ्यात आधी तपासा.

नेमकी कोणती फ्लाय? पेटी लहान असावी या मताचा मी आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी १९२२ मध्ये बांधलेली ॲडम्स कुठल्याही एका कीटकाची नक्कल नाही. राखी अंग, तपकिरी आणि करड्या पिसांचं मिसळलेलं हॅकल, एवढंच. पण अनेक मेफ्लायच्या जवळ जाते. ती पॅराशूट रूपात १४ ते २० नंबरांत ठेवा. कॅडिससाठी अल ट्रॉथ यांची १९५७ ची एल्क हेअर कॅडिस. स्पिनरसाठी आडव्या पंखांची गंजक्या रंगाची एक. मिज या चिमुकल्या माशीसाठी ग्रिफिथ्स नॅट. आणि एक काळी मुंगी, १६ किंवा १८ नंबरची. सगळं करून थकलेल्या दिवशी ही मुंगी काढा. निघणाऱ्या कीटकांत ती बसत नाही, तरी दोन-चार नकार देऊन सावध झालेला मासा मुंगी बऱ्याचदा सहज उचलतो.

ड्रॅग नको या नियमाला एक अपवाद आहे. अंडी घालणाऱ्या कॅडिस मादीचं पाण्यावर थरथरत सरकणं खरंच असतं. तेव्हा फ्लाय माशाच्या थोडी वर असताना रॉडच्या टोकाने बोटभर हलवा आणि मग मोकळी सोडा. सतत ओढत नेऊ नका.

नकार दिलेल्या माशाला लगेच पुन्हा फ्लाय दाखवणं हे सर्वांत महागात पडतं. थांबा. तो खरे कीटक दोन-तीनदा बिनधास्त खाईपर्यंत रॉड उचलू नका, आणि तेवढ्या वेळात त्याची लय मोजा. काही मासे प्रत्येक घासानंतर ठरावीक वेळ थांबतात; फ्लाय त्या वेळेच्या आधी गेली तर ती कितीही चांगली असो, मासा उठत नाही.

तोंड लावतो पण लागत नाही

आता राहिलेली तक्रार. वरच्या बाजूने फ्लाय सोडत असाल तर मासा तुमच्याकडे तोंड करून आहे, आणि घाईने रॉड उचललात तर फ्लाय उघड्या तोंडातून सरळ बाहेर येते. तोंड मिटून डोकं खाली जाईपर्यंत थांबा, मग झटका न देता रॉड नुसता वर घ्या. मोठा मासा संथ पाण्यात सावकाश खातो, त्याला जास्त वेळ द्या. लहान मासे वेगवान पाण्यात थुंकतातही लवकर, तिथे थांबून चालत नाही. मासे वारंवार सुटत असतील तर हुक तपासा: टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून ओढा. रुतलं तर ठीक, घसरलं तर बोथट झालंय, बारीक कानस मारा किंवा फ्लाय बदला. मागे खडकाला लागलेल्या फेकीने टोक मोडलेलं असणं ही तर नेहमीची गोष्ट. आणि फ्लायचं अंग इतकं जाड नाही ना, की हुकाच्या तोंडाची जागाच भरून गेली आहे? तसं असेल तर पोटाखालचे केस कापून ती जागा मोकळी करा.